दोन इंच

आमच्या आजोबांची एक सवय होती. कुठेही बसण्याआधी ते बसायची जागा अंगठ्याने दाबून बघत. खुर्ची असो, एसटीचं बाकडं असो, लग्नातली भाड्याची गादी असो. अंगठा दाबायचा, सोडायचा, किती खाली गेला याचा मनाशी हिशेब करायचा आणि मग बसायचं. लहानपणी मला वाटे, हा गिरणीतला काही कामाचा भाग असेल. ते परळच्या एका गिरणीत साचेवाले होते; कापडाचा पोत बोटाने ओळखणाऱ्या माणसाला गादी दाबून बघायची खोड लागली तर नवल नाही. पण आजी म्हणायची, ही सवय नंतरची. दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हापासूनची.

आमचं गाव कुडाळच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. गावात सुट्टीला गेलं की रात्री जेवणं उरकल्यावर आजोबा खळ्यात घोंगडी टाकून बसत आणि सुरू होत. त्यांच्या गोष्टींत राजे-राण्या नसत, भुतं क्वचित असत. खासदार मात्र हटकून असत. दोनच, पण दोन पुरेसे होते. एक नाथ, दुसरे दंडवते. नाथ पैंना ते एकेरीत नाथ म्हणत, देवाला म्हणतात तसं. मधु दंडवत्यांना कधी अरे-तुरे केलं नाही. ते प्रोफेसर होते ना.

‘नाथ वेंगुर्ल्याचो’ इथून गोष्ट निघायची. हे खरंच आहे. बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म 25 सप्टेंबर 1922 चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षण बेळगावात, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग, मग लंडनला जाऊन बॅरिस्टरी. 1957 साली ते प्रजा समाजवादी पक्षाकडून राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, पुढे 1962 आणि 1967 मध्येही. आजोबा हे सगळं सांगत, पण क्रमाने नाही. ते आधी सभा सांगत. बंदरावर ग्यासबत्त्या लागल्यात, माणूस माडांच्या बुंध्यांपर्यंत उभा आहे, आणि नाथ बोलायला उभा राहिला. काय बोलला? ते आजोबांना कधी सांगता आलं नाही. ‘बोललो’ एवढंच म्हणून ते हात असा लांबवत, जणू समुद्र दाखवतायत. मग काही वेळ कोणी बोलत नसे, आणि त्या गप्प राहण्यातच आम्हाला भाषण ऐकल्यासारखं वाटे.

नाथ पैंच्या मृत्यूची गोष्टही अशीच. आजोबांच्या आवृत्तीत नाथ बोलता बोलता व्यासपीठावरच कोसळला. मी मोठा झाल्यावर तपासलं. 17 जानेवारी 1971 ला बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मरणाची सभा होती, तिथे ते बोलले, आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. तारीख 18 लागली होती. वय अवघं 48. सभा आणि मरण यांच्यामध्ये काही तास होते. ते तास आजोबांनी काढून टाकले. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तू थंय होतंस?’ मी नव्हतो, कारण जन्मलोच नव्हतो. ते तरी कुठे होते? ते तेव्हा परळला रात्रपाळीत होते. पण हे बोलायची माझी छाती नव्हती.

त्या 18 जानेवारीचा आजोबांच्या मनात आणखी एक गुंता होता. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तो 18 जानेवारी 1982 ला. नाथ गेला तीच तारीख, आणि गिरणी गेली तीही तीच. अकरा वर्षांचं अंतर म्हातारपणी पुसट होत गेलं. शेवटी शेवटी ते असं सांगायचे, की नाथ गेला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो नाही. ऐकणारा समजायचा, की हा शोकाचा संप होता.

संपानंतर आजोबा वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन कायमचे गावाला आले. गिरणगावातली आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाची खोली, जिथे तीस-चाळीस माणसं पाळ्या लावून झोपत, ती त्यांनी सोडली. त्याआधी त्यांचं कोकण म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिना. आणि ते येत कसे, ही तिसरी मोठी गोष्ट.

आधी बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, आणि प्रत्येक बंदराला खोल पाण्यात उभी राहायची. मग किनाऱ्यावरून पडाव यायचे, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, पोरं असं सगळं त्या हलत्या पडावात उतरवायचं. पावसाळ्यात ती बंद. म्हणून गणपतीला वेगळी वाट काढावी लागे: रेल्वेने कोल्हापूर, आणि तिथून एसटीने घाट उतरून खाली. म्हणजे कोकणात जायला आधी देशावर चढायचं. नकाशावर बोट ठेवून बघा, हसू येईल. मुंबईच्या खाली सरळ समुद्राकाठाने आमचं गाव, आणि आम्ही सह्याद्रीला वळसा घालून घरी जाणार, कारण किनाऱ्याने रूळच नव्हते.

त्या कोल्हापूरच्या गाडीत आजोबांनी लाकडी फळीवर रात्री काढल्या. तिसरा वर्ग नावाने गेला, दुसरा झाला, पण फळी तीच राहिली. उघड्या लाकडाच्या पट्ट्या, मध्ये फटी, आणि त्या फटींत साठलेली शेंगांची टरफलं. आजोबा सांगत, की पाठीवर पट्ट्यांचे वळ उठायचे आणि सकाळी अंघोळीला बसलं की ते मोजता यायचे. पहिल्या वर्गात गाद्या होत्या. त्या बघायला फलाटावरून डोकावलं तर रेल्वेचा माणूस हटकायचा.

1977 च्या मार्चमध्ये जनता पक्षाचं सरकार आलं, मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, आणि ज्या मतदारसंघात एक इंच रूळ नव्हता, त्या राजापूरचा खासदार देशाचा रेल्वेमंत्री झाला. हे वाक्य आजोबा दोन-तीनदा म्हणायचे. त्यातली गंमत त्यांना पुरती कळत होती.

मधु दंडवते मूळचे कोकणातले नव्हेत. जन्म अहमदनगरचा, 21 जानेवारी 1924. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. बाबासाहेब आंबेडकरांनी उभं केलेलं ते कॉलेज. बेचाळीसच्या लढ्यात होते, गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेले. नाथ पै गेले आणि लगेच दोन महिन्यांत लोकसभेची निवडणूक लागली, तेव्हा त्या रिकाम्या जागेवर हा प्राध्यापक उभा राहिला. नाथनंतर उभं राहायचं म्हणजे गाजलेल्या गवयानंतर मैफलीत बसायचं. पण दंडवत्यांनी त्या गळ्याची नक्कल केली नाही. ते वर्गात बोलावं तसं बोलत. आकडा सांगत, तो फोडून दाखवत, मधेच एक कोटी करत आणि पुढे जात. मी त्यांना एकदाच ऐकलं, 1989 च्या निवडणुकीत, कुडाळला. मी पंधरा वर्षांचा, मला सभेपेक्षा शेजारच्या भजीच्या गाडीत जास्त रस. तरी एवढं आठवतं, की त्यांच्या हातात कागद नव्हता आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या गोष्टींची यादी इतिहासात मिळते. 1974 चा रेल्वे संप मोडताना ज्यांना नोकरीवरून काढलं होतं त्यांना परत घेतलं. 1977 च्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, जिच्यात पहिला वर्ग नव्हता. सगळे डबे एकाच दर्जाचे. आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात फळीवर दोन इंचांची फोमची गादी बसवायला घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं, की पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं. समाजवादावर पुष्कळ पुस्तकं आहेत. आमच्या घरात मात्र समाजवाद इंचांत मोजला गेला.

‘ती गादी आमच्यासाठी घातली,’ असं आजोबा सांगत. ‘चाकरमान्यांची हाडं मोडतात, हे दंडवत्यांना माहीत होतं.’ हे काही खरं नाही. ती गादी साऱ्या देशासाठी होती आणि कोकणात तर ती घालायला गाडीच नव्हती. पण कोल्हापूरच्या गाडीत एका शिमग्याला त्यांना असा डबा लागला. हिरव्या रेक्झिनवर हात फिरवून त्यांनी आधी अंगठा दाबला. मग शेजाऱ्याला दाबायला लावला. मग वरच्या बर्थवरच्या अनोळखी माणसालाही. रात्रभर झोपले नाहीत म्हणे. इतकी वर्षं फळीवर झोपलेल्या माणसाला त्या मऊपणावर झोप येईना.

आजोबांच्या गोष्टीत एक खिंडार होतं. ते मला फार उशिरा दिसलं, आणि दाखवलं आजीने.

मी कॉलेजात होतो. नाथ पैंच्या एका विधेयकाबद्दल वाचून आलो होतो आणि आजोबांना सांगत होतो. 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. नाथ पैंनी लगेच खाजगी सदस्याचं विधेयक आणलं: घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करायचा अधिकार संसदेला हवा, कारण संसद म्हणजे लोक. विरोधी बाकावरच्या माणसाने सत्तेचा हात मोकळा करू पाहणारं विधेयक आणावं, याची तेव्हा मोठी चर्चा झाली. विधेयक पुरं होण्याआधी नाथ पै गेले. मग त्याच 1971 मध्ये सरकारनेच चोविसावी दुरुस्ती करून तो अधिकार घेतला. आणि चार वर्षांत आणीबाणी आली. नाथच्या जागी गेलेले दंडवते 26 जून 1975 ला बंगळूरमध्ये पकडले गेले. ते तिथे संसदीय समितीच्या कामाला गेले होते, बरोबर वाजपेयी आणि अडवाणीही होते. नाथला लोकांवर भरवसा होता म्हणून त्याने संसदेवर भरवसा ठेवला. मला आजही वाटतं, की त्या एका गणितात तो चुकला. हे मी आजोबांना म्हणालो तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात, असे दोघे सुमारे दीड वर्ष. एकमेकांना पत्रं लिहीत, आणि प्रत्येक पत्र आधी तुरुंगाचा माणूस वाचणार. आजोबांना या पत्रांचं भारी अप्रूप. तेही आजीला परळहून पत्र धाडत, पण ते गावाकडे कोणी तरी वाचून दाखवायचं, कारण आजीला अक्षर येत नव्हतं. ‘आमचीही पत्रं वाचूनच पोचायची,’ असं ते हसत म्हणाले. आणि मग ओघात, नेहमीसारखं: ‘आम्ही नाथला तीनदा निवडून दिला.’

आजी पडवीत कोकमं फोडत होती. विळ्यावरून मान वर न करता म्हणाली, ‘तुमी मुंबैत. मत घालूक मी जायचंय.’

एवढंच. पण मी तो दिवस विसरलो नाही. कारण ते खरं होतं, आणि नुसतं आमच्या घरापुरतं नव्हतं. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त. शिरगणतीत हे दर खेपेला दिसायचं. बाप्ये मुंबईत, त्यांची नावं मुंबईच्या यादीत. आजोबांचं मत परळच्या कुठल्या तरी शाळेत पडायचं, त्याचा नाथ पैंशी काही संबंध नव्हता. नाथच्या सभेच्या गोष्टी सांगत होता चाकरमानी, आणि नाथला दिल्लीला पाठवत होती ती डोक्यावर पदर घेऊन दोन कोस चालत जाणारी, मनीऑर्डरवर घर चालवणारी बाई. आजोबांनी नाथची सभा ऐकली ती एकदा, मे महिन्यात. आजीने एकही ऐकली नव्हती, कारण सभेला बायका जात नसत. तरी मत तिचंच.

मी तिला विचारलं, का द्यायचीस मत? ती म्हणाली, झोपडी होती म्हणून. प्रजा समाजवादी पक्षाचं चिन्ह झोपडी. सगळ्या अनोळखी खुणा, त्यांत एक आपल्या घरासारखी. तिने 1957 ला झोपडीच्या पेटीत कागद टाकला, 1962 ला आणि 1967 ला झोपडीवर शिक्का मारला. 1971 ला नाथ गेलेला, तरी झोपडी होतीच, म्हणून दंडवते निवडून आले, असं तिचं साधं मत. राजकीय अभ्यासकांना ते पटणार नाही, पण मला त्यात निष्ठेची एक नीट उलगडलेली घडी दिसते. पंचाईत झाली 1977 ला. मतपत्रिकेवर झोपडी नाही. चक्रात नांगरवाला शेतकरी. ती मतदान केंद्रात उभी, आणि आतल्या शिक्षकाला विचारते, ‘झोपडी खंय गेली?’ शिक्षकाने सांगायचं नसतं, त्याने सांगितलं नाही. ती कागद तसाच घेऊन उभी. शेवटी मागून कोणीतरी बाई ओरडली, की नांगर बघ, नांगर. पुढे 1989 मध्ये नांगरवालाही गेला, नुसतं चक्र उरलं. आजी म्हणायची, माणूस एकच नि दरवेळी त्याचा मुखवटा वेगळा, दशावतारातल्या राजासारखा. तिला पक्ष फुटतात, जुळतात, त्यांची नावं बदलतात, हे कोणी समजावलं नव्हतं. समाजवाद्यांनी आपल्या मतदारांना दिलेला त्रास मोजायचा झाला, तर हा एक त्यात धरायला हवा.

तिला आणखी एक गोष्ट कळत नसे. आपण ‘राजापूर’ला मत देतो म्हणजे काय? राजापूर तिने पाहिलेलं नव्हतं. तिच्यासाठी राजापूर म्हणजे गंगा: उन्हाळे गावाजवळची ती कुंडं, साधारण तीन वर्षांनी जिथे अचानक पाणी येतं, काही महिने राहतं आणि जातं. गंगा आली की गावातून चार-सहा माणसं जायची, पण ती कधी गेली नाही. गाय व्यायची असायची, नाही तर पोर आजारी, नाही तर भात कापायला आलेलं. तेव्हा तिला वाटायचं, की दंडवते आणि नाथ त्या गंगेच्या गावचे खासदार, आणि आपण त्यांना मत देतो ते एक प्रकारे गंगेला पाठवलेल्या नारळासारखं.

संपानंतर आजोबांचं नाव गावच्या यादीत आलं. त्यांनी दंडवत्यांना पहिलं मत दिलं ते 1984 ला, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत. त्या लाटेतही राजापूर टिकलं, याचा त्यांना एवढा अभिमान, की जणू त्यांच्याच एका मताने. मग 1989. विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार, दंडवते अर्थमंत्री, आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस. इथून पुढची गोष्ट आजोबा चढ्या आवाजात सांगत, आणि इथे त्यांना दुरुस्त करायची मला गरज पडली नाही, कारण खरी गोष्टच त्यांच्या गोष्टीसारखी होती. जॉर्ज मंगळूरचे. म्हणजे जी वाट हवी होती तिच्या एका टोकाचा माणूस रेल्वे खात्यात, आणि वाटेवरचा माणूस तिजोरीत. त्यातून 1974 च्या संपाचे पुढारी जॉर्ज, आणि त्या संपातले बडतर्फ कामगार परत घेणारे दंडवते. सरकारचं आयुष्य वर्षभराचंही नव्हतं. तेवढ्यात 1990 च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6. बाकीचा पैसा बाजारात रोखे काढून. ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. रोह्यापर्यंत रूळ आले होते ते आपटा-रोहा मार्गाने, ज्याला मंजुरी मिळाली होती दंडवते रेल्वेमंत्री असताना. म्हणजे दारापर्यंतची पायवाट त्यांनीच आधी करून ठेवली होती.

त्याच वर्षी अर्थमंत्री दंडवत्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला. सोन्यावरची ती बंधनं मुळात आणली होती मोरारजींनी, ज्यांच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री होते. गावच्या सोनाराने पेढे वाटले. आजीकडे सोनं म्हणजे मंगळसूत्रातल्या वाट्या आणि एक नथ. तिला कायदा होता हेही ठाऊक नव्हतं आणि गेला हेही. पेढा मात्र तिने खाल्ला.

मग मोजणीवाले आले. आमच्या वरच्या भरडातून, काजूच्या झाडांमधून, त्यांनी रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या. आजोबा त्यांच्याबरोबर दिवसभर हिंडले, त्यांना पाणी दिलं, शहाळी काढून दिली. नऊ काजू आणि एक रायवळ आंबा रुळाखाली गेला. मोबदल्याच्या कागदावर आंबा ‘जळाऊ झाड’ म्हणून लागला, आणि त्यासाठी एका कचेरीत आम्ही किती खेपा घातल्या ते आता सांगण्यात अर्थ नाही. तो आंबा आजोबांच्या आजोबांनी लावलेला. पण त्यांनी तक्रार केली ती आंब्याच्या किमतीची. झाड तोडल्याची कधीच नाही.

1991. राजीव गांधींची हत्या झाली, महाराष्ट्रात मतदान जूनमध्ये. काँग्रेसने राज्यातल्या 48 पैकी 38 जागा घेतल्या. राजापुरात दंडवते पडले. लष्करातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. सलग पाच वेळा निवडून आलेला माणूस, रेल्वेचं काम सुरू झालेलं, बोगदे खणायला घेतलेले, आणि पाडला. त्या संध्याकाळी आजोबांनी रेडिओ बंद केला आणि खळ्यात येऊन बसले. मी सोळा-सतरा वर्षांचा; मला वाटलं, ते रडतायत. मी काहीतरी सांत्वनाचं बोललो. लोक कृतघ्न आहेत, असलं.

आजी आतून म्हणाली, ‘ह्येंनी तरी खंय दिल्यानी मत?’

आजोबा गप्प. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं, की रेल्वे आता येणारच होती. खुंट्या लागल्या, पैसा उभा राहिला, आता काय ती थांबणार आहे? मग मत दिलं काय नि नाही दिलं काय. मुलगा, म्हणजे माझे काका, म्हणाले दुसरीकडे द्या, म्हणून दिलं दुसरीकडे. कुठे दिलं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी तेव्हा त्यांना मनातून खूप दोष दिला. आता देत नाही. कामाचा माणूस काम होईपर्यंतच लागतो, असा हिशेब ते गिरणीत शिकले होते, आणि गिरणीने तो त्यांच्यावरच चालवलेला होता. तेच त्यांनी दुसऱ्यावर चालवलं, नकळत. आणि आजी? तिने चक्रावर शिक्का मारला होता. त्यावर तिचं काही भाष्य नव्हतं. एकदा माणूस घरचा म्हटला की घरचा.

रूळ आले हळूहळू. जांभ्याच्या डोंगरात खोल कापण्या, पावसात दरडी, पेडण्याच्या बोगद्यात ढासळणारी माती. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा 64 मीटर उंच पूल. रत्नागिरीला गेलो की मी तो खालून मान मोडेपर्यंत बघे. 26 जानेवारी 1998 ला सगळी वाट खुली झाली. दंडवते तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, राजापूरचे खासदार सुरेश प्रभू. पुढे प्रभूही रेल्वेमंत्री झाले, पण राजापूरचे म्हणून नव्हे. तोवर त्या नावाचा मतदारसंघच फेररचनेत पुसला गेला होता. दंडवते 12 नोव्हेंबर 2005 ला गेले आणि त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. पदार्थविज्ञानाच्या मास्तरांनी जाता जाताही विद्यार्थ्यांची सोय केली.

पण मला सांगायचं आहे ते 1998 च्या मे महिन्यातलं. काकांकडे मुंबईत मुंज होती आणि मी आजी-आजोबांना घेऊन कुडाळहून कोकणकन्येने निघालो. आजोबा ऐंशीचे. आजी त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. ती याआधी मुंबईला दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा बोटीने, आणि दोन्ही वेळा ओकत. फलाटावर तिने नवं लुगडं नेसलेलं, हातात घावन्यांचा डबा, आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, की ही थांबते ना नीट? पडावात उतरावं तसं नाही ना उतरायला लागत?

डब्यात शिरल्यावर आजोबांनी आधी खालच्या बर्थपाशी थांबून अंगठा दाबला. बराच वेळ दाबून ठेवला. मग दुसऱ्या ठिकाणी दाबला. मग बोटाच्या पेराने कडेची जाडी मोजली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मला लाज वाटत होती.

‘दोन इंच खंय?’ ते म्हणाले. ‘दीड पण नाय ही.’

मग टीसी आला तेव्हा त्यालाही त्यांनी ऐकवलं, की दंडवत्यांनी दोन इंच दिले होते, अर्धा इंच कोणी खाल्ला? तो बिचारा तरुण पोरगा, त्याने तिकिटावर रेघ ओढली आणि ‘आजोबा, झोपा’ म्हणून पुढे गेला. आजोबा झोपले नाहीत. खिडकीला नाक लावून बसले. अंधारात दिसत काहीच नव्हतं. बोगदा आला की आवाज बदले, संपला की पुन्हा बदले, एवढाच फरक. ते बोटांवर बोगदे मोजत होते आणि मधेच चुकत होते. आजी खालच्या बर्थवर स्वतःची गोधडी पसरून, लुगडं नीट घेऊन, कुशीवर आडवी झालेली. तिला गादीबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

कणकवली गेली, वैभववाडी गेली. मग गाडी मंदावली, थांबली. खिडकीबाहेर एक दिवा, त्याखाली एक कुत्रं, आणि पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. आजोबांनी मोठ्याने वाचलं, ‘राजापूर रोड.’

आजी ताडकन उठून बसली. चौतीस वर्षं तिने या नावाच्या यादीत मत दिलं होतं, मुखवटे बदलणाऱ्या त्याच माणसांना. तिने पदर सावरला आणि गजांना धरून बाहेर बघितलं. गाव स्टेशनपासून लांब आहे; तिथे दिवा, कुत्रं आणि मिट्ट काळोख याखेरीज काही नव्हतं.

‘ह्यां राजापूर?’ तिने विचारलं.

‘स्टेशन,’ आजोबा म्हणाले. ‘गाव आत आसा.’

‘गंगा खंयच्या बाजूक?’

आजोबांनी एकीकडे हात केला, मग थांबले, मग दुसरीकडे केला. गाडी हलली. आजीने दोन्ही बाजूंच्या काळोखाला एकेकदा हात जोडले आणि पुन्हा कुशीवर झाली.